करवंदं पिकली होती, म्हणजे मे महिना

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीचा परवा मेसेज आला. तिला विषय घ्यायचाय तो असा: मावळातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणीच्या आठवणी आणि त्यांतून दिसणारं, आजच्या मुलांना अनोळखी वाटेल असं रोजचं जगणं. "पण पॅनेलवरचे सर म्हणणार, हा इतिहास कसला, हा तर दिवाळी अंकातला लेख. मग मी काय बोलू?"

तिला दोन ओळींत उत्तर लिहायला बसले आणि जमेना. कारण याच प्रश्नावर मी स्वतः वर्षभर अडखळलेय, आणि त्या नादात एका माणसाला दुखावलंही आहे. तेव्हा पोस्ट जरा लांब होईल. चहा घेऊन बसा.

माझं फिल्डवर्क मावळ तालुक्यात चालतं. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुणे-मुंबई रेल्वेच्या कडेनं वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा ही ओळ, आणि तिच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीत घुसलेली खोरी: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. पावसाचा, भाताचा मुलूख. रेल्वे इथे फार लवकर आली. पुणे ते खंडाळा १८५८ मध्ये, आणि बोरघाट १८६३ मध्ये. म्हणजे खोऱ्यातल्या गावांना धड रस्ता नव्हता तेव्हाही, डोंगर उतरून गेलं की आगगाडी दिसायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या पहिल्या सहा मुलाखती वाया गेल्या. मी विचारायची, "आजी, तुमचं लहानपण कसं होतं?" उत्तर ठरलेलं. "लई चांगलं व्हतं बघ. दूधदुभतं व्हतं, माणसं मायाळू व्हती. आताच्या पोरांचं काय, त्यो मोबाईल." पुढची दहा मिनिटं मोबाईलवर. घरी येऊन लिहून काढायला बसले तेव्हा कळलं की सहा वेगवेगळ्या माणसांनी मला जवळजवळ एकच मुलाखत दिलीय. दोष त्यांचा नव्हता. "कसं होतं" असं विचारलं की माणूस निकाल सांगतो, आणि तो निकाल आज बसून दिलेला असतो.

मग मी पिशवीत वस्तू घेऊन जायला लागले. जुन्या बाजारातून घेतलेलं एक मापटं, रॉकेलची चिमणी, दगडी पाटी, एक भोकाचा पैसा. (भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. कुणी म्हणालं, "हा चालायचा तवा मी एवढी व्हते," आणि हात जमिनीपासून वर धरला, की वयाचा अंदाज येतो. आधार कार्डापेक्षा हा हात जास्त खरा, का ते पुढे सांगते.) आता मी "कसं होतं" विचारत नाही. वस्तू समोर ठेवते आणि गप्प बसते. गप्प बसणं हे फिल्डवर्कमधलं सगळ्यात अवघड काम आहे.

आंदर मावळातल्या एका आजींसमोर मी ते मापटं ठेवलं. वय ऐंशीच्या आसपास, शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी ते उचललं, तळ बघितला, काठावरून तळहात फिरवला आणि मलाच विचारलं, "शिगंचं का सपाट?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी परातीतले तांदूळ घेऊन दाखवलं. मापटं भरलं आणि काठावरून हात फिरवून वरचे दाणे पाडले, की सपाट माप. तसंच वर निमुळता ढीग राहू दिला, की शीग. दोन्हींना मापटंच म्हणायचं, पण दाणे सारखे नाहीत. आजी लहानपणी वडिलांबरोबर सावकाराकडे दाणे उसने आणायला जायच्या. "आणताना सपाट, आन् देताना शीग. वर दिढी." दिढी म्हणजे एक मण नेलं तर सुगीला दीड मण परत करायचं. सवाईनं मिळालं तर नशीब, मग सव्वा मण.

आता बघा, ही माहिती मी आधीच्या सहा जणांपैकी कुणाकडूनही काढू शकले नव्हते, कारण "सावकारी होती का?" असा माझा प्रश्न पुस्तकी होता. होती, असं सगळे म्हणाले होते. संपलं. पोलंडच्या विटोल्ड कुला या इतिहासकाराने मापांच्या इतिहासावर एक मोठं पुस्तकच लिहिलंय, आणि त्यात शीग आणि सपाट यांवरून युरोपातल्या जमीनदारांचे आणि कुळांचे पिढ्यान् पिढ्या चाललेले तंटे आहेत. मी ते वाचून आंदर मावळात गेले होते आणि तरीही मला शीग विचारायचं सुचलं नाही. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर आणि १९५४ ची सुधारित आवृत्ती तुम्ही चाळालच, चाळायलाच हवी. पण शीग कुणाच्या मापाला लावायची, हे कोष्टकात बसत नाही.

त्याच आजींनी पुढे मला गप्प केलं. साडेतीन पायल्या नाचणी, पायलीला सात आणे, तर किती झाले? मी मोबाईल काढेपर्यंत त्या म्हणाल्या, "सात औटं साडेचोवीस. साडेचोवीस आणे म्हंजी दीड रुपाया आन् वर अर्धा आणा." औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे शाळेत रोज म्हणून घेत, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. आपल्याला ते घोकंपट्टीचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पायलीचे चार शेर, अशा चारच्या आणि सोळाच्या जगात पाव, निम्मा आणि पाऊण यांच्याशिवाय पानही हलत नाही. आणि जिथे दाणे दिढीनं घ्यायचे तिथे दिडकी येणं म्हणजे आपल्याला किती बुडवलं जातंय ते कळणं. आजी औटकी कुठे शिकल्या? भाऊ ओसरीवर पाढे म्हणायचा, आणि त्या आत जात्यावर बसून ऐकायच्या.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनंही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोत गेली. पाठ्यपुस्तकात ही एक ओळ असते. आजींकडे तिची दुसरी बाजू आहे. उन्हाळ्यात त्या पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं भरून स्टेशनवर विकायला जायच्या. आण्याला एक द्रोण. सरकारी हिशेबाप्रमाणे एका आण्याचे सहा नवे पैसे. (खरे सव्वासहा. पण सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस असं कोष्टक होतं.) "गाडीतली माणसं पाचाचं नाणं टाकायची अन् गाडी हलायची. एक पैसा कायम जायचा." बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं हा तोटा गाडीमागे धावत मोजलाय. दशमान पद्धतीच्या इतिहासात ही नोंद कुठे करायची, हा माझ्यापुढचा खरोखरीचा प्रश्न आहे. सध्या मी ती तिसऱ्या प्रकरणात टाकलीय. गाईड म्हणतात, चौथ्यात.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, वा, वस्तू दाखवली की आठवण अचूक निघते. तसं नाही. याच आजी लावणीच्या दिवसांबद्दल सांगत होत्या. पावसात दिवसभर वाकून रोपं लावायची, पाठीवर इरलं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा आणि पानांचा, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारा सांगाडा. मुलांना मोठ्यांचं इरलं द्यायचे, ते मागून जमिनीला टेकायचं. मग संध्याकाळी घरी आलं की चुलीवर "इंद्रायणीच्या भाताचा" वास सुटलेला असायचा.

इथे माझा पेन थांबला. इंद्रायणी हा तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. आजींच्या लहानपणी तो असणं शक्य नाही. असणार तो आंबेमोहोर, ज्याच्या संकरातून इंद्रायणी निघाला. चिकट, सुवासिक भात तोच, पण नाव गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांतलं. आता तुम्ही काय कराल? आठवण खोटी म्हणून खोडाल? वास खोटा नाही, इरलं खोटं नाही, भूक तर नाहीच. नंतर ओळखीचं झालेलं नाव जुन्या वासावर जाऊन बसलंय, इतकंच. म्हणून मी वहीत दोन रकाने केलेत. एकात नावं आणि सालं. दुसऱ्यात ऋतू, हात, चव, वास, अंतर, ओझं. पहिल्या रकान्यातलं सगळं बाहेरच्या कागदाशी ताडून घ्यायचं. दुसऱ्या रकान्यावर, इतक्या मुलाखतींनंतर, मी बराच जास्त विश्वास ठेवते.

कागदही काही कमी खोडकर नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. दाखल झाल्याची तारीख, जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते सोन्यासारखं. पण जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत जा. १ जून, १ जून, १ जून. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मास्तर मुलाकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख टाकायचे. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी कागदावर एकाच दिवशी जन्मली आहे. आणि जे शाळेतच गेले नाहीत? त्यातल्या अनेकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी दिसतो, कारण तिथे फक्त अंदाजे साल सांगितलं गेलं. आमच्या आजींचा १ जानेवारी आहे. त्यांचे भाऊ, तेच ओसरीवर पाढे म्हणणारे, १ जूनचे. दोघांच्या खोट्या तारखा शेजारी ठेवल्या तर एक खरी गोष्ट कळते: कोण शाळेत गेलं आणि कोण जात्यावर बसलं.

मग वय काढायचं कसं? ज्या घटनांची तारीख पक्की आहे आणि ज्या घराघरांत पोचल्या, त्यांना बांधून. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे भांडी पडली. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवरचा लाल मिलो. १६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहण, रस्ते ओस. आजी म्हणतात, "पानशेत फुटलं त्या साली मी नांदाय आले." म्हणजे १९६१, वय सोळाच्या आसपास. मी विचारलं, मग लहानपण संपलं तेव्हा? त्या हसल्या. "सुरू कवा झालं व्हतं?"

आता ती चूक सांगते.

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत वाढलेल्या एका काकांची मुलाखत होती. वडील गँगमन, घाटातल्या रुळांवर. काकांकडे वस्तू न्यावीच लागली नाही, त्यांचं सगळं लहानपण गाड्यांवर लावलेलं होतं. पुण्याहून डेक्कन क्वीन आली की दप्तर उचलायचं. कर्जतहून मागे लागलेली बँकर इंजिनं घाट चढवून आली की लोणावळ्याला सुटायची, तो आवाज रात्री झोपेतही कळायचा, आणि तो आला नाही तर जाग यायची. पावसात वडील दरड बघायला गेले की आई कंदील खिडकीत ठेवायची. घरात विजेचा दिवा असून.

मग ते म्हणाले, "आणीबाणीत वडील लपले होते. पोलीस चाळीत यायचे. आई बाहेरून कुलूप लावून आम्हाला आत ठेवायची. मी डोंगरात जाऊन वडिलांना भाकरी द्यायचो."

आणि मी, नुकतंच सगळं वाचून गेलेली, म्हणाले, "काका, ते आणीबाणीत नसेल. रेल्वेचा संप मे १९७४ मध्ये झाला. आणीबाणी जून १९७५ ची."

काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सगळं माहीतच आहे, तर मला कशाला विचारता?" चहा आला, चांगला होता. पुढचा अर्धा तास त्यांनी मला लोणावळ्यात चिक्की कुठे चांगली मिळते ते सांगितलं.

माझं म्हणणं बरोबर होतं, आणि मी मुलाखत घालवली. ८ ते २७ मे १९७४, वीस दिवस, सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार. देशातल्या रेल्वेचा तो सगळ्यात मोठा संप. हजारोंना अटक झाली, अनेकांना कामावरून काढलं, क्वार्टर्समधल्या कुटुंबांवर दबाव आला. हे सगळं छापलेलं आहे. अकरा वर्षांच्या मुलाला त्यातलं काय दिसलं, हे छापलेलं नाही, आणि ते मला सांगणारा माणूस समोर बसला होता.

त्यानंतर आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचा गाजलेला निबंध मी पुन्हा वाचला. तुमच्या अभ्यासक्रमात मौखिक इतिहास असेल तर नाव येईलच. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांच्या वेळी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पण पोर्तेल्लींना मुलाखती देणाऱ्या अनेकांनी ही घटना १९५३ मध्ये नेऊन ठेवली, जेव्हा कारखान्यातून मोठी कपात झाली आणि गाव रस्त्यावर उतरलं होतं. पोर्तेल्ली विचारतात, इतके लोक एकाच दिशेने का चुकले? कारण गावाच्या दृष्टीने खरी हार १९५३ ची होती, आणि तो मृत्यू त्या हारीशेजारी ठेवला की त्याला अर्थ येत होता.

काकांचंही तेच झालं असणार. १९७४ च्या संपाची आठवण देशाला फार नाही. आणीबाणीची आहे, तिच्यावर पुस्तकं आहेत, दरवर्षी लेख येतात. पोलीस दाराशी आणि बाप लपलेला, या अनुभवाला समाजात मिळालेलं ओळखीचं नाव म्हणजे "आणीबाणी". इंद्रायणीसारखंच. नव्या नावाखाली जुना वास.

इथे माझ्या गाईडच्या एका प्रश्नाकडे वळते, कारण मैत्रिणीला पॅनेलवर हाच येणार आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये वाक्य होतं, "आजच्या मुलांना अनोळखी वाटणारे दैनंदिन जीवन". गाईडनी "आजच्या मुलांना" खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कुठल्या?"

मी चिडले होते. पण आजी आणि काका शेजारी ठेवून बघा. काकांच्या चाळीत विजेचा दिवा. शेजारच्या रुळांवर विजेच्या तारा १९३० पासून. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला सुरुवात केली होती. आंदर मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात जातंय. आणि त्याच आंदर मावळात, धरण होऊन तीस वर्षं उलटली तरी, आजींच्या घरात बाटलीची चिमणी. रॉकेल संपलं की चुलीच्या उजेडात जेवायचं. (कंदील पाटलांकडे असायचा. त्याची काच पुसायला आजींना बोलवायचे, कारण लहान हातच काचेत जातो. पुसणारणीच्या घरी कंदील नव्हता.) ज्यांच्या नदीचं पाणी वीज करायला गेलं त्यांच्याकडे काळोख, आणि जिथे वीज गेली ते शहर घाट उतरून. मग "त्या काळी वीज नव्हती" हे वाक्य कुणाच्या वतीनं लिहायचं? वीज होती. ती कुठे जात होती ते लिहा. हवं तर १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा, गाववार शाळा, पाणी, वीज या सोयी तिथे नोंदलेल्या असतात. कुठल्या गावाला कधी काय मिळालं याचा नकाशा तुम्हीच करू शकता.

आणि आजचं बघायचं तर, द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याला शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या मुलाला चिमणी, डोईवरची घागर, शाळा सोडून धाकट्याला कडेवर घेणं, हे सगळं अनोळखीच आहे. पण मावळातल्याच एखाद्या कातकरी वाडीवर एप्रिलमध्ये जा. हंडा घेऊन चाललेल्या मुलीला माझ्या आजींची मुलाखत वाचून दाखवली तर त्यातलं अर्धं तिला रोजचं वाटेल. आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला तर "जुन्या काळी मुलं लहानपणीच कामाला लागायची" यात जुनं काय ते कळणार नाही. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी काढून टाकलं. आता तिथे दोन गावं आणि एक चाळ यांची नावं आहेत. रुक्ष दिसतं, पण पॅनेलने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

तर काका. त्यांची ती फसलेली मुलाखत मी सात-आठ महिने उघडलीच नाही. लाज वाटायची. शेवटी प्रकरण लिहायच्या वेळी रेकॉर्डिंग लावलं आणि पहिल्यांदा दुसऱ्या रकान्यासाठी ऐकलं. ऋतू, हात, चव, अंतर. भाकरी द्यायला डोंगरात जायचो, या वाक्यानंतर, मी मध्ये तोंड घालण्याआधी, ते अजून काहीतरी पुटपुटले होते. तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. "...येताना करवंदं."

करवंदं. मावळात ती एप्रिल-मेमध्ये पिकतात. आणीबाणी जाहीर झाली २५ जूनच्या रात्री. तेव्हा लोणावळ्यात पाऊस लागलेला असतो, डोंगर निसरडे, जाळीवर करवंद उरत नाही, शाळाही सुरू झालेल्या. पोरगं भर दिवसा डोंगरात फिरतंय आणि करवंदं खातंय, म्हणजे मे, म्हणजे सुट्टी, म्हणजे संप. साल सांगणारा शब्द चुकला होता आणि त्याच दमात महिना सांगणारा शब्द बरोबर आला होता. मी जे ऐटीत पुस्तकातून दुरुस्त केलं, ते काकांच्याच बोलण्यात होतं. दोन सेकंद थांबले असते तर.

परत गेले. या वेळी तारखेचं नाव काढलं नाही, संपाचंही नाही. मे महिना होता, वाटेत खंडाळ्याजवळ एक बाई द्रोण घेऊन बसली होती, तिच्याकडून करवंदं घेतली होती. ती काकूंच्या हातात दिली. काकूंनी ताटलीत घालून मध्ये ठेवली. मी काकांना विचारलं, "तेव्हा तुम्ही कशात आणायचात?"

"पत्र्याच्या डब्यात," ते म्हणाले, आणि मग जवळजवळ तासभर बोलले. मी फार तर चार वाक्यं बोलले असेन.

डब्याच्या तळाला दोन भाकऱ्या आणि चटणी, वर फडकं. आईनं शिकवलं होतं, कुणी हटकलं तर म्हणायचं, करवंदांना चाललोय. चाळीच्या टोकाला साध्या कपड्यातला एक माणूस बसलेला असायचा, तो रोज विचारायचा. जाताना डबा हलका का जड हे त्याला कळू नये म्हणून काका तो हातात न धरता काखेत मारायचे. वडिलांपाशी पाच मिनिटंही बसता यायचं नाही. भाकरी देऊन लगेच जाळ्यांत शिरायचं, कारण परतताना डबा भरलेला दिसला पाहिजे. हातांना काटे, चिकानं बोटं काळी. पिकलेली पुरेशी नसली तर खाली कच्ची भरायची आणि वरचा थर काळ्याभोर करवंदांचा लावायचा. तो माणूस कधीकधी डब्यात हात घालून मूठभर उचलायचा, तेव्हा त्याच्या हाताला खालची कच्ची लागू नयेत म्हणून काका स्वतःच वरची काढून त्याच्या तळहातावर ठेवायचे.

ताटलीतली करवंदं तशीच राहिली होती. काकूंनी ती उचलून आत नेली.